पावसासाठी कोरलेला डोंगर : वेरूळ, अजिंठा, पितळखोरे

मामांनी अट एकच घातली होती. जायचं तर श्रावणात, नाहीतर नाही.

मामा चौतीस वर्षं भूजल खात्यात होते. मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर ते लेण्यांकडे वळले. मी म्हटलं, लेणी बघायला सगळे डिसेंबरात जातात, हवा चांगली असते. त्यावर ते म्हणाले, "अगं, ही ज्यांच्यासाठी खोदली ते भिक्खू नऊ महिने गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्यात इथं येऊन राहायचे. हिवाळ्यात जाणं म्हणजे घरातली माणसं परगावी गेलेली असताना घर बघून येणं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. वर्षावास हा शब्द मी ऐकला होता, पण लेण्यांचा आणि पावसाचा संबंध असा सरळ कधी जोडला नव्हता. बुद्धांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. कारण त्या दिवसांत वाटेवर कोवळं गवत उगवलेलं असतं, किडामुंगी बाहेर पडलेली असते, ती पायाखाली येते. एका जागी राहायचं तर छप्पर हवं. सह्याद्रीत आणि त्याच्या फाट्यांत ते छप्पर दगडात निघालं.

मग ठरलं. नागपंचमी झाल्यावर चार दिवस. आधी वेरूळ, मग अजिंठा, शेवटी पितळखोरे. वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, अजिंठ्याची बहुतेक चित्रं पाचव्या शतकातली आणि पितळखोरे इसवी सनाच्याही आधीचं. प्रवाहाविरुद्ध पोहत उगमाकडे जायचं, असं मामांनी त्याला नाव दिलं.

दिवस पहिला : नाशिक ते वेरूळ

नाशिक, येवला, वैजापूर करत दुपारी चारला वेरूळला पोचलो. रस्ता चांगला होता. वैजापूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका, आणि वेरूळ जवळ येताना अद्रकाचे हिरवे वाफे. एके ठिकाणी चहाला थांबलो तर चहावाल्या आजींनी समोरच्याच शेतातलं ओलं आलं ठेचून टाकलं. मामांनी सवयीनं विचारलं, "विहिरीला पाणी किती?" आजी म्हणाल्या, "यंदा हात घालून काढावं इतकं आहे बघा." मामांचा चेहरा असा खुलला की जणू ती विहीर त्यांचीच.

संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो रात्रभर थांबला नाही. जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. वाढणारा मुलगा म्हणाला, "उद्या सीतेच्या नहाणीचा धबधबा बघा, येळगंगा जोरात आहे."

वारांचं एक आधीच सांगते, कारण बरेच जण इथं फसतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शिवाय श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला मोठी गर्दी असते. बुधवारी पोचून गुरुवार ते शनिवार फिरलं की हे सगळं टळतं.

दिवस दुसरा : वेरूळ

वेरूळ सकाळी लवकर उघडतं. बहुतेक लोक आत शिरल्या शिरल्या कैलासात जातात. आम्ही उलटं केलं, आधी २९ व्या लेण्याकडे गेलो. याला धुमार लेणं म्हणतात. बाजूलाच येळगंगा कड्यावरून खाली पडते, तीच सीतेची नहाणी. धबधब्याच्या मागून जाणारी कड्यालगतची वाट पावसामुळे बंद केलेली होती. ते बरोबरच आहे, दगड शेवाळानं इतका निसरडा होता की मोकळ्या जागीसुद्धा मामांचा हात धरून चालावं लागलं. आम्ही रस्त्यानं वळसा घालून गेलो.

पायऱ्यांशी सिंह बसलेले आहेत. आत खूप मोठा, अंधारा मंडप. मध्ये गाभारा, त्याला चारही बाजूंनी दारं आणि दारापाशी माणसाहून कितीतरी उंच द्वारपाल. घारापुरी पाहिलेल्याला ओळखीची रचना वाटेल. पण घारापुरीला जे नाही ते इथं होतं, धबधब्याचा आवाज. तो एका बाजूनं येत नव्हता. छतातून, खांबांतून, पायाखालून येत होता. सगळं लेणंच घुमत होतं.

भिंतीवर रावण कैलास हलवतो आहे. हा प्रसंग मी वेरूळलाच याआधी दोनदा पाहिला होता, शाळेच्या सहलीत आणि नंतर एकदा मे महिन्यात. तेव्हा तो मला गोष्टीचं चित्र वाटला होता. या वेळी शिल्पासमोर उभी असताना पाण्याचा आवाज दगडातून तळपायात येत होता, आणि पर्वत हलणं म्हणजे काय हे अंगाला कळलं. वर शंकर शांत बसलेला, पार्वती त्याच्याकडे झुकलेली. मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. मामा बाजूच्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी कड्याकडे बोट केलं. काळ्या दगडाचे आडवे थर स्पष्ट दिसत होते. लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा, आणि जिथं दोन थर मिळतात त्या रेषेवर पाण्याचे बारीक धागे सुटलेले. "पाणी सांध्यातून येतं," मामा म्हणाले. "विहीर खोदणाराही हा सांधा शोधतो आणि लेणं खोदणाराही. एकाला पाणी लागायला हवं असतं, दुसऱ्याला टाळायचं असतं. पण दगड वाचायचा दोघांनाही."

मग कैलास. सोळावं लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं. त्याच्यावर लिहिण्यासारखं एवढं आहे की मी पावसापुरतंच लिहिते. ऊन असलं की कैलासाचा दगड करडा, धुळकट दिसतो. भिजला की काळाभोर होतो आणि प्रत्येक रेघ ठळक उठते. जोत्याशी रांगेनं उभे असलेले हत्ती, ज्यांच्या पाठीवर सगळं मंदिर उभं आहे, ते नुकतेच नदीतून बाहेर आल्यासारखे चकाकत होते. काही ठिकाणी जुन्या पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे टिकून आहेत. एके काळी हे सगळं मंदिर पांढरं होतं, हिमालयातल्या कैलासासारखं. खाली लोंबलेले ढग त्या शिखराला टेकले तेव्हा ते पांढरेपण क्षणभर परत आल्यासारखं दिसलं.

इ.स. ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात या मंदिराबद्दल लिहिलं आहे की आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि ज्यानं ते घडवलं त्या कारागिरालाच पुढे प्रश्न पडला की हे आपल्या हातून झालं कसं. मला ताम्रपटातला हा कारागीर फार आवडतो. राजाची स्तुती सगळेच करतात. इथं दगड फोडणाऱ्याचं नवल नोंदवलेलं आहे.

आवारात शिरल्यावर डावीकडे एक छोटं सरितामंदिर आहे. गंगा मगरीवर, यमुना कासवावर आणि त्यांच्याबरोबर सरस्वती. वरच्या कड्यावरून ठिबकणारं पाणी त्यांच्यासमोर पडत होतं. तिथं परभणीकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी ते ठिबकणारं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि नातवाला म्हणाले, "तीन नद्या आहेत बाळा, पाया पड." तिथं कुणी पुजारी नाही, पूजा होत नाही. पण पाणी होतं आणि नद्या होत्या, त्यांना तेवढं पुरलं.

दुपारनंतर दहावं लेणं, दगडात लाकडी छपराच्या कमानी कोरलेलं विश्वकर्मा चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आणि शेवटी जैन लेण्यांतली इंद्रसभा. तोवर पाय बोलायला लागले होते. वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत आणि ती सुमारे दोन किलोमीटरवर पसरलेली आहेत. एका दिवसात सगळी करण्याचा हट्ट धरू नका. पाच-सहा निवडा आणि प्रत्येकात बसा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. चपला मात्र झटकन काढता-घालता येतील अशा असू द्या, अजिंठ्याला त्याची गरज पडते.

दिवस तिसरा : अजिंठा

पहाटेच निघालो. फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठा गावाच्या पुढे आधी व्ह्यू पॉइंटला गेलो. इथून वाघूर नदीच्या पलीकडचा, घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा समोर येतो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्तानं ही लेणी दिसली असं सांगतात. दहाव्या लेण्यात खांबावर त्यानं खरवडलेलं नाव आणि तारीख आजही आहे.

आम्हाला मात्र काहीच दिसलं नाही. समोर नुसतं पांढरं धुकं. कणसं भाजणाऱ्या बाई म्हणाल्या, "थांबा दहा मिनिटं, तो उठतो." तो म्हणजे ढग. आम्ही कणसं घेतली. इकडच्या मक्याचं कोवळं कणीस, निखाऱ्यावर भाजून लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेलं. अर्धं खाऊन झालं आणि ढग खरंच उठला, खालून वर. आधी नदी दिसली, गढूळ, तांबूस. मग हिरवा उतार, मग एकामागून एक लेण्यांची काळी दारं. अजून वर ढग तसाच होता, त्यामुळे डोंगराला माथा नव्हता, फक्त दारं होती. बाई रोज हे बघत असतील, तरी त्याही पंखा हलवायचा थांबून बघत होत्या.

खाली फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. वयस्कर माणसं असतील तर वर डोली मिळते. मामांना गुडघ्यांमुळे मी सुचवून पाहिली. "दगड वाचायला पायी जावं लागतं," म्हणाले.

लोक पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात. मामा मला थेट सोळाव्याकडे घेऊन गेले, तेही वरच्या रस्त्यानं न नेता खालच्या पायऱ्यांनी. नदीकडून वर येणारी ही जुनी वाट. दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले हत्ती. आत शिरून वर चढलं की समोर कोनाड्यात वेटोळ्यांवर बसलेला नागराज, डोक्यावर फणा.

हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करून दिलं, तसा लेख बाहेरच्या भिंतीवर आहे. त्या लेखात लेण्याचं वर्णन करताना इथलं पाण्याचं मोठं टाकं आणि नागराजाचं स्थान यांचा उल्लेख येतो. मामा नागराजासमोर उभे राहून म्हणाले, "नाग म्हणजे पाण्याचा राखणदार. आपण नागपंचमीला वारुळापाशी जातो, हे लोक त्याला दारात बसवत होते. आधी पाण्याला विचारायचं, मग आत जायचं." बाहेर वाघूरचा खळाळ ऐकू येत होता. दीड हजार वर्षं तो नाग हाच आवाज ऐकत बसला आहे.

सतराव्या लेण्याच्या ओसरीत मी अडकले. दाराच्या डाव्या बाजूला, वरच्या अंगाला इंद्र ढगांतून खाली उतरतो आहे, सोबत अप्सरा आणि वादक. त्याच्या गळ्यातली माळ वेगानं मागे उडालेली, एवढ्यावरून कळतं की तो उडतो आहे. आणि मागचे ढग निळ्या-पांढऱ्या जाड रेषांनी रंगवलेले, एकावर एक चढलेले, सोलून ठेवलेल्या कांद्याच्या पाकळ्यांसारखे. पूर्वी छायाचित्रात पाहून मला ते ढग नकली वाटायचे. ओसरीतून मान वळवून दरीकडे पाहिलं तर कड्याला अगदी तसेच, पदरापदरांचे ढग लागले होते. चित्रकारानं खोलीत बसून ढग कल्पिले नव्हते. इथं, या ओसरीत, पावसाळ्यात मान वर करून पाहिले होते.

तेवढ्यात ऊन पडलं. ओसरीच्या कडेला साचलेल्या पाण्यावरून उजेड उसळून छतावर गेला आणि छताच्या नक्षीवर थरथरत राहिला. आतला राखणदार बाहेर आला. तो म्हणाला, "ताई, हे पावसाळ्यातच दिसतं. आम्ही यासाठी थांबतो." मग त्यानं आत नेऊन एका जागी, जिथं चित्र तुटलेलं आहे, तिथं विजेरीचा मंद उजेड कडेनं धरला. मातीच्या गिलाव्याची जाडी दिसली आणि त्या मातीत रुतलेलं भाताचं तूस. स्वच्छ, वेगळं ओळखू येणारं तूस. चिखलात तूस आणि काड्या मळून भिंतीला लिंपायचे, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि तो खोल निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. निळ्याचं कौतुक सगळे करतात. मला त्या तुसानं हलवलं. खालच्या एखाद्या खाचरात पाऊस पडला, भात झालं, कुणा बाईनं ते कांडलं आणि त्याचं तूस अजून बोधिसत्त्वाला धरून आहे.

पाणी इथलं वैरीही आहे, हे लिहायलाच हवं. मामांनी छतावर ओलीचे डाग दाखवले. दगडाच्या भेगांतून पाझर येतो, गिलावा फुगतो, रंग सुटतो. आपल्या श्वासाची वाफही तेच करते. म्हणून आत कमी माणसं सोडतात, फ्लॅश चालत नाही. राखणदार "चला पुढे" म्हणाला तर वाद घालू नका. ओला रेनकोट बाहेरच झटका, भिंतीला पाठ लावू नका, लहान मुलांचा हात धरा.

पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी आम्ही शेवटी पाहिला. हातात निळं कमळ, पापण्या खाली. त्याच्याबद्दल इतकं वाचलेलं असतं की समोर गेल्यावर वाचलेलंच आठवतं. मी लिहिते ते एवढंच की तो कुणाकडेही पाहत नाही, तरी त्याच्यासमोर खोटं बोलता येणार नाही असं वाटतं.

पण दिवसाचं मन राहिलं ते २६ व्या लेण्याच्या बाहेर. आत डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाण आहे. सुमारे सात मीटर लांब बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले, खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशात देव. ते पाहून बाहेर आलो तर पावसाची मोठी सर आली आणि सगळ्यांना आडोशाला थांबावं लागलं. तिथं पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहा-बारा बायका होत्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावातून जीप करून आलेल्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या आसपासच्या ताईंशी बोलणं सुरू झालं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन असतं. "आमचा वर्षावास चालू आहे," त्या म्हणाल्या. "दरवर्षी म्हणत होतो, एकदा वर्षावासातच इथं यायचं. शेतातली निंदणी उरकली आणि निघालो."

मामांनी त्यांना विचारलं, भिक्खूंना पावसात का थांबायला सांगितलं ते तुम्हाला ठाऊक असेलच. ताई हसल्या. "किडामुंगी मरू नये म्हणून. आम्हीसुद्धा वाचन संपून घरी जाताना बॅटरी खाली धरूनच चालतो." मग त्यांनी डोळे मिटले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, बाकीच्या मागून आल्या. हलक्या आवाजात, सरीच्या आवाजाहून थोडं वर. बुद्धं सरणं गच्छामि. समोर दरीत पाऊस तिरपा पडत होता, मागे दगडात बुद्ध निजलेले होते. मी डिसेंबरात आले असते तर मला हे घर कसं रिकामं दिसलं असतं ते तेव्हा समजलं.

निघताना ताईंनी पिशवीतून काढून आम्हाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. रात्री फर्दापूरला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मागवली, पण त्या दशम्या आधी संपल्या.

दिवस चौथा : पितळखोरे

सिल्लोडवरून पिशोरमार्गे कन्नड, आणि तिथून कालीमठाच्या बाजूनं गौताळा अभयारण्याच्या पठारावर. रात्रभर पाऊस झाला होता. शेवटच्या टप्प्यात गाडीचं चाक चिखलात गेलं. दोन गुराखी पोरांनी चाकाखाली दगड लावले, ढकललं, आणि पैसे घ्यायला नाही म्हणाले. शेवटी बिस्किटांचे पुडे घेतले. पठारावर सोनकीचा पिवळा पट्टा आणि कडेनं तेरडा.

इथं दुकान नाही, हॉटेल नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी आणि खाणं बरोबर न्या, बूट चांगल्या पकडीचे घाला, आणि जोराच्या पावसात खाली उतरू नका. दरीच्या तोंडाशी ओढा कोसळतो आणि लेणी त्या ओढ्याच्या दोन्ही काठांना आहेत. आम्ही पोचलो तेव्हा वाटेवरच्या राखणदार काकांनी थांबवलं. "पाणी उतरू द्या. घाई करू नका." दोन तास पत्र्याखाली बसलो. खालून येणारा आवाज अधूनमधून जड व्हायचा, मग हलका. मामा तो ऐकून सांगत होते, आता वाढलं, आता ओसरतंय. काकांनी एकदाही त्यांना चुकीचं ठरवलं नाही.

पायऱ्या उतरून गेलो आणि समोर आलं ते पाहून आधी मन खट्टू झालं. इथला दगड ठिसूळ. वरचे भागच्या भाग कोसळलेले, चैत्यगृहाचे खांब सिमेंटनं सावरलेले. अजिंठ्यासारखं काही डोळ्यांत भरत नाही. मग हळूहळू तपशील दिसायला लागले. चौथ्या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, जोत्यावर हत्तींची रांग. सगळा विहार पाठीवर घेऊन उभे. कैलासातले हत्ती आठवले. तीच कल्पना, तिथल्याहून नऊशे वर्षं आधी. दारापाशी दोन द्वारपाल, हातात भाला आणि ढाल, अंगात बाह्यांचा अंगरखा. चेहरे झिजलेले, पण उभं राहण्यात अजून दक्षता.

इथल्या दानलेखांत पैठणची माणसं आहेत. अत्तरं-सुगंध विकणाऱ्या गंधिक कुळातल्या मितदेवानं एक खांब दिला. राजवैद्य मगिलाचं नाव आहे. इथं उत्खननात डोक्यावर पात्र धरलेला एक हसरा, बुटका यक्ष सापडला. त्याच्या हातावर कोरलेलं आहे की तो कण्हदास नावाच्या सोनारानं केला. तो यक्ष आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनारानं दगड हातात घेतला, हे समजल्यावर त्या हत्तींच्या झुलींची बारीक नक्षी मी पुन्हा जवळून पाहिली.

आणि जिन्याच्या बाजूला नाग. पाच फण्यांचा. मामा याच्यासाठी चार दिवस वाट पाहत होते. लेण्याच्या आत दगडातून झिरपणारं पाणी एका झाकलेल्या नाळेतून आणून या नागापाशी बाहेर सोडायची सोय त्या कारागिरांनी केली होती. अजिंठ्यात वराहदेवाच्या दारी नागराज पाण्याची राखण करत बसला आहे. इथं, त्याच्याही पाच-सहाशे वर्षं आधी, नाग प्रत्यक्ष काम करत होता. पाझराला अडवून भिंती फुगू द्यायच्या नाहीत, त्याला वाट द्यायची, आणि ती वाट देवासारखी घडवायची. मामा उकिडवे बसून नाळेचा उतार नजरेनं मापत होते. "मी आयुष्यभर पन्हाळी आणि मोऱ्या बांधून घेतल्या," ते म्हणाले. "एकीलाही चेहरा दिला नाही." त्यांचा आवाज भरून आला होता. मी काही बोलले नाही.

काकांनी सांगितलं की उन्हाळ्यात ओढा पूर्ण आटतो आणि ते घरून पाण्याचा कॅन घेऊन येतात. "आत्ता बघताय ते तीन महिन्यांचं वैभव," म्हणाले.

दुपारी दोनच्या सुमारास ओढ्याचं तांबूस पाणी निवळायला लागलं. काका पुढे, मामा मधे, मी मागे, असे हात धरून दगडांवरून पलीकडे गेलो. त्या बाजूची लेणी लहान आहेत, त्यांत स्तूप आहेत. नक्षी नाही, मूर्ती नाही, नुसती गोल दगडी अंडी. एकाची पुढची बाजू पडून गेली आहे, त्यामुळे तो जवळजवळ उघड्यावरच आहे. त्याच्या घुमटावर दाट हिरवं शेवाळ होतं आणि धबधब्याचे तुषार त्यावर सतत येऊन बसत होते. मी टेकायला हात पुढे केला तेवढ्यात काका म्हणाले, "जपून, पायाखाली बघा." स्तूपाच्या तळाशी वीतभर पाणी साचलं होतं आणि त्यात एक खेकडा होता, पोटाखाली पिल्लं नुकती वळवळायला लागलेला. आम्ही तिघंही एक पाऊल मागे सरकलो आणि तो भिंतीच्या भेगेत जाईपर्यंत तसेच उभे राहिलो.